पडायची तयारी

ऑफिसात नवीन माणूस आला की काका त्याला पहिला प्रश्न विचारायचे, "गाडीवर येतोस?" तो हो म्हणाला की काकांची नजर त्याच्या हातांकडे जायची. "ग्लोव्ह्ज?" नाहीत म्हटलं की ते त्याचा तळहात आपल्या हातात घ्यायचे, ज्योतिष्याने बघावा तसा उलटसुलट करून बघायचे आणि म्हणायचे, "छान आहेत. सालं निघाली की लक्षात येतं किती छान होते." एवढं बोलून ते आपल्या टेबलाकडे वळायचे. तो बिचारा पुढचा आठवडाभर चहाचा कप उचलतानासुद्धा हाताकडे बघायचा.

माझीही त्यांच्याशी ओळख अशीच झाली. मी चिंचपोकळीहून फोर्टातल्या त्या विमा कंपनीत नुकताच लागलो होतो. गाडी हप्त्यांवर होती आणि हात उघडे होते. काका मोटारींच्या दाव्यांचं खातं सांभाळायचे. दिवसभर त्यांच्या समोरच्या पडद्यावर मोडलेल्या गाड्यांचे फोटो असायचे. बाकीचे गाडी बघायचे, टाकी चेपलीय, दिवा फुटलाय, एवढं नुकसान. काका फोटोच्या कडेला बघायचे. तिथे बहुतेक वेळा एखादी चप्पल पडलेली असायची. ते पडद्यावर बोट ठेवून विचारायचे, "गाडीचा क्लेम पास होईल रे. हिचं काय?" मग पुढचा फोटो उघडायचे.

गंमत म्हणजे सगळ्या ऑफिसला असं छळणारा हा गृहस्थ स्वतः बसने यायचा. गिरगावातल्या त्यांच्या वाडीत, नळाच्या बाजूला, ताडपत्रीखाली त्यांची दोनशे सीसीची मोटरसायकल उभी असायची. रविवारी सकाळी ते ती काढायचे, वाळकेश्वरपर्यंत जायचे आणि परत यायचे. वाडीतले लोक सांगतात, पाठीमागून येणारा दूधवाला सायकलवरून त्यांना मागे टाकून जायचा. पण काका निघायचे ते एखाद्या मोहिमेवर निघाल्यासारखे. हेल्मेट, हातमोजे, पाठीला कवच, कोपरांना कवच, गुडघ्यांना कवच. परत आल्यावर ते सगळं पुसून, वाळवून, कापडात गुंडाळून ठेवण्यात त्यांचा उरलेला रविवार जायचा.

दिसायला अगदी साधे. बुटके, टक्कल पडलेले, पाय इतके लहान की चपला घ्यायला गेले की दुकानदार त्यांना लेडीजमध्ये बघायला सांगायचा. चष्मा पुसायची सवय. बोलताना समोरच्याच्या शर्टाची शिवण चिमटीत धरून ओढून बघायचे. ही दुसरी सवय. एकदा मोठ्या साहेबांचा कोट त्यांनी असा खांद्याजवळ ओढून पाहिला आणि मान हलवून म्हणाले, "एकेरी शिवण आहे साहेब. सांभाळून बसा." साहेब दिवसभर खुर्चीत ताठ बसून होते.

त्यांचं सगळं वेड एकाच प्रश्नाभोवती फिरायचं. घसरल्यावर काय राहील? वस्तू दिसायला कशी आहे, कुठल्या कंपनीची आहे, किती जणांनी चांगली म्हटली आहे, यातलं काही त्यांना ऐकायचं नसायचं. "घसरल्यावर काय राहील ते बोल," हे वाक्य मी त्यांच्याकडून हातमोज्यांबद्दल ऐकलंय, मोबाइलच्या कव्हराबद्दल ऐकलंय आणि एकदा आमच्यातल्या एकाच्या लग्नाच्या स्थळाबद्दलही ऐकलंय.

आमच्या गल्लीतला एक मित्र तामिळनाडूतल्या रेसिंगच्या ट्रॅकवर जाऊन आला होता. त्याने पाठवलेले व्हिडिओ बघून मलाही कंड सुटली. ट्रॅक म्हणजे समोरून कोणी येत नाही, खड्डे नाहीत, रिक्षा नाही, आडवी येणारी आजीबाई नाही. फक्त वळणं. पण तिथे पूर्ण पोशाखाशिवाय आत सोडत नाहीत, आणि पूर्ण पोशाखाची किंमत ऐकली तर माणूस सरळ घरी येऊन झोपतो. मी काकांकडे गेलो. त्यांनी फाइल बंद केली, चष्मा पुसला आणि मला कँटीनमध्ये नेलं. त्यांचं तोंड असं उजळलं होतं की जणू मी त्यांच्या मुलीला मागणी घालायला आलो होतो.

"पैसे किती आहेत ते मला सांगू नकोस," ते म्हणाले. "ते सगळ्यांकडे कमीच असतात. मी सांगतो त्या क्रमाने घे. आधी डोकं, मग हात, मग पाय, मग पाठ. चामड्याचा सूट शेवटी. डोकं कायम नवं घ्यायचं, दुसऱ्याने काय केलंय त्या हेल्मेटचं आपल्याला कळत नाही. चामडं जुनं चालतं. चामडं खोटं बोलत नाही."

मग आम्ही ग्रँट रोडच्या दुकानात गेलो. काकांचं म्हणणं असं, की हेल्मेट घालून अर्धा तास बसल्याशिवाय विकत घ्यायचं नाही. डोक्याला कुठे टोचतं ते पहिल्या दहा मिनिटांत कळत नाही. त्यांनी मला एक हेल्मेट घालायला लावलं, स्वतःही एक घातलं आणि दुकानातल्या बाकड्यावर बसून, काच वर करून पेपर उघडला. गिऱ्हाइकं यायची, आम्हाला दोघांना बघायची आणि पुढच्या दुकानात जायची. शेवटी मालक हात जोडून म्हणाला, "काका, लेना है तो लो, पर दुकान में घर मत बसाओ." काकांनी पेपरचं पान उलटलं. "अभी कपाल पे प्रेशर आना बाकी है," ते म्हणाले. त्यांनी स्वतःला काही घ्यायचं नव्हतंच. पण एवढ्या वेळात माझ्या कानामागे खरोखरच दुखायला लागलं आणि आम्ही ते सोडून दुसरं घेतलं. हे मान्य करायला हवं.

हातमोज्यांसाठी त्यांनी आधीच प्रयोग करून ठेवलेला होता. स्वस्तातल्या दोन जोड्या आणून त्यांनी एकेक मोजा घरातल्या पाट्यावर घासून पाहिला होता. डांबरी रस्त्याच्या जवळात जवळ जाणारी घरातली वस्तू तीच, असं त्यांचं मत. कुठली शिवण आधी उसवते, तळव्याचं चामडं कधी फाटतं, ते त्यांनी बघितलं आणि त्यातून एक जोडी पास केली. "पुढे महिनाभर आमच्या चटणीला चपलेचा वास येत होता," काकूंनी मला नंतर सांगितलं. काकू म्हणजे काकांच्या पत्नी. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, आवाज खणखणीत, आणि काकांच्या वेडाबद्दल बोलताना चेहऱ्यावरची रेघही न हलवणाऱ्या.

रोज रस्त्यावर घालायच्या जॅकेटच्या बाबतीत मात्र मी काकांना न विचारता शहाणपणा केला. स्वस्तात मिळतंय म्हणून आईला घेऊन लालबागच्या दुकानात गेलो. आई कोकणातली. आमच्या घरी आजवर मापाचा कपडा कोणी घेतलेला नाही. माझा शाळेचा गणवेश सातवीत मला बसायला लागला आणि दहावीत मी तो सोडला. तिने मला जॅकेट घातलेलं बघितलं आणि म्हणाली, "ह्यां आवळता मरे. जरा सैलच घे. उद्या अंग भरलां तर काय करतलस?" मी एक माप मोठं घेतलं. दुसऱ्या दिवशी ते काकांना दाखवलं. त्यांनी बाहीतलं कोपराचं कवच दोन बोटांनी धरलं आणि सहज फिरवून माझ्या दंडाच्या मागच्या बाजूला नेलं. "तू पडलास की हे कवच इथे असेल," ते म्हणाले, "आणि तुझं कोपर तिथे. दोघांची भेट होणार नाही." मी ते परत केलं. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

सूट शेवटी दादरच्या एका मुलाकडे मिळाला. त्याचं लग्न ठरलं होतं आणि सासऱ्यांनी गाडी सोडायची अट घातली होती. काकांना ही बातमी फार आवडली. "लग्न ठरलेल्यांचे सूट चांगले निघतात. फारसे वापरलेले नसतात." त्यांनी सूट उलटा करून शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर अंथरला आणि एकेक शिवण बोटाने चाचपत गेले. फिरायला आलेली निवृत्त मंडळी थांबून बघायला लागली. एकाने विचारलं, "काय, म्हशीचं का?" "गाईचं नाही एवढं नक्की," काका म्हणाले आणि पुढची शिवण घेतली.

त्यांचा स्वतःचा सूट काळा-पांढरा होता. असा सूट गाडीवर वाकून बसण्यासाठी शिवलेला असतो. माणूस ताठ उभा राहिला की तो त्याला पुढे ओढतो. शिवाय नवीन चामडं अंगाला सरावायला लागतं. म्हणून काका तो सूट घरी घालून बसायचे. मे महिन्यात गिरगावातल्या चाळीच्या गॅलरीत, पूर्ण चामड्यात, कमरेत वाकलेला, घामाने निथळणारा हा माणूस शेंगा सोलत बसलेला मी स्वतः पाहिलाय. शेजारचे अप्पा कठड्यावरून ओरडले, "काय हो, यान कधी सुटतंय?" काकांनी एक दाणा तोंडात टाकला. "कॅल्क्युलेशन चाललंय," ते म्हणाले.

पण सगळ्यात पाहण्यासारखी त्यांची खंडेनवमी. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. गिरणगावातल्या घरांत अजून सुताराची पटाशी, शिलाईचं मशीन, टॅक्सीचं स्टीअरिंग, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. काका त्या दिवशी पाट मांडून त्यावर आपला सगळा पोशाख ओळीने ठेवायचे. हेल्मेट, हातमोजे, पाठीचं कवच, घडी केलेला सूट, आणि टोकाला रेसिंगचे बूट. झेंडूची फुलं, अक्षता, कुंकवाची बोटं. बुटांवरून दर वर्षी काकूंशी वाद व्हायचा.

"पायतण आहे ते. देवापुढे कसलं ठेवताय?"

"पायतण नाही ते, शस्त्र आहे," काका म्हणायचे.

"मग कधी चालवलंत ते शस्त्र?"

यावर काका पाटावरचं झेंडूचं फूल सरळ करायला घ्यायचे. कारण ते बूट त्यांनी कधीच घातलेले नव्हते. घोट्याला आतून सांगाडा असलेले, परदेशी बनावटीचे, सगळ्या संग्रहातली सर्वात भारी वस्तू. सूट अंगाला सरावतो म्हणून ते घालायचे, हातमोजे रविवारी वापरायचे, पण बुटांचे तळ झिजतात. "ट्रॅकवरच घालायचे," असा त्यांचा नियम. पूजा झाली की काकू ओल्या फडक्याने कुंकू पुसायच्या आणि बूट परत मलमलीत, डांबराच्या गोळ्यांसकट, लोखंडी कपाटात जायचे.

अशाच एका खंडेनवमीला काका प्रसादाची वाटी घेऊन अप्पांकडे गेले असताना काकूंनी मला सगळी हकिगत सांगितली. काकांचा धाकटा भाऊ गावाला जाताना महामार्गावर मोटरसायकलवरून पडून गेला. हेल्मेट होतं, हँडलला लटकवलेलं. काकांना तेव्हापासून गाडी चालवायची नव्हती असं नाही. उलट त्यांच्या डोक्यात ट्रॅकचं आधीपासून होतं, आणि ते त्यांनी काकूंना सांगून टाकलं होतं. काकूंनी विचार करून अट घातली. नखशिखांत सगळं घ्या. सगळं म्हणजे सगळं. मग एकदा जा. एकदाच. आणि आल्यावर गाडी विका.

"ह्यांनी शब्द दिला," काकू म्हणाल्या. "आणि मग घेतच बसले. दर बोनसला एक काहीतरी. आता सगळं घेऊन झालंय रे. आता म्हणतात शिवण बघायचीय, माप बघायचंय, गुडघा बघायचाय. पुढच्या वर्षी रिटायर होतील. मला ना आता त्यांच्या जाण्याची भीती वाटत नाही तेवढी ह्या वाट बघण्याची वाटते. तू तुझं नाव घालशील तेव्हा ह्यांचंही घाल. आणि ते परत आले की गाडी विकायला गिऱ्हाईक पण बघून ठेव."

मला तोवर संशय येऊ लागला होता की काकांना ट्रॅकवर जायचंच नाही. तयारी हेच त्यांचं काम झालं होतं, आणि तयारी पुरी झाली असती तर ते बेकार झाले असते. मी नाव घातलं तेव्हा ते रागावले नाहीत. त्यांनी फक्त चष्मा काढला आणि बराच वेळ पुसला. "कुठला ग्रुप?" त्यांनी विचारलं. नवशिक्यांचा, मी म्हटलं. "तोच बरा," ते म्हणाले.

गाड्या टेम्पोतून पुढे गेल्या. आम्ही रेल्वेने गेलो. काकांची बॅग त्यांच्यापेक्षा उंच होती. प्रवासात एकदा ते बॅगेला हात लावून म्हणाले, "सगळं आहे ना रे?" आम्ही सगळं दोनदा तपासलं होतं. बूट मात्र मलमलीतच होते. ते उघडायचे नाहीत, असं त्यांनी बजावलं.

ट्रॅकवर सकाळी पत्र्याच्या शेडखाली तपासणी असते. एक तरुण मुलगा टेबलाशी उभा राहून एकेकाचं हेल्मेट, सूट, हातमोजे, बूट बघतो आणि पास झाला की हेल्मेटवर चिकटपट्टी लावतो. आमच्या अवतीभवती कोवळी पोरं होती, भाड्याच्या सुटातली, निम्म्यांना ते ढगळ होत होते. काका सगळ्यांत नीटनेटके. त्यांनी बाकावर बसून मलमल सोडली. डांबराच्या गोळ्यांचा वास आला. एका बुटाच्या शिवणीत कुंकवाची लाल रेघ राहिली होती, ती त्यांनी नखाने काढली. बूट घातले, पट्टे आवळले, उभे राहिले आणि वाकलेल्या कमरेने टेबलाकडे चालू लागले.

मी त्यांच्या मागे होतो. त्यांच्या प्रत्येक पावलामागे जमिनीवर काळा चुरा पडत होता, जळलेल्या पापडाचा असावा तसा. मला आधी कळेना हे काय आहे. टेबलापर्यंत पोहोचेपर्यंत उजव्या बुटाचा तळ टाचेपासून लोंबायला लागला होता आणि डाव्याची टाच मागे बाकापाशी पडली होती.

तपासणीवाल्या मुलाने खाली पाहिलं. पोरगा भला होता. "सर, स्लो ग्रुप है," तो म्हणाला. "टेप मार देता हूँ. चलेगा."

"नहीं चलेगा," काका म्हणाले. ते खाली वाकले, चुरा चिमटीत घेऊन चोळून पाहिला. "फेल है."

आमच्या मागे रांगेत एक कोल्हापूरची मुलगी होती, इंजिनिअरिंग नुकतंच संपवलेली. ती पुढे येऊन बघू लागली. "काका, हे वापरायला लागतंय," ती म्हणाली. "घालत राहिलं की टिकतंय. तसंच ठेवलं की दमट हवेनं सोल कुजतोय. आमच्या पप्पांचे लग्नातले बूट असेच गेलेत."

काका एका उपड्या क्रेटवर जाऊन बसले. मी त्यांच्याजवळ बसलो. मला वाईट वाटत होतं आणि रागही येत होता, त्या बुटांचा, कपाटाचा, आपल्या सगळ्यांच्या घरातल्या त्या चांगल्या वस्तू ठेवून देण्याच्या सवयीचा. मी त्यांना माझे बूट देऊ केले. त्यांनी माझ्या पायांकडे नुसतं बघितलं. माझ्या एका बुटात त्यांचे दोन्ही पाय एकत्र मावले असते.

"तुला एक सांगू?" काही वेळाने ते म्हणाले. "तळ सुटलेला बघितला ना, तेव्हा पहिल्यांदा काय वाटलं माहितेय? सुटलो. असं वाटलं. देवाशपथ. आता घरी जाऊन सांगता येईल की गेलो होतो, पण नाही जमलं. माझी चूक नाही." त्यांनी हातातला चुरा झटकला. "एवढी वर्षं मी हेच शोधत होतो की काय, कोण जाणे. काहीतरी फेल होणारं."



तेवढ्यात ती मुलगी तिची पहिली फेरी संपवून आली. तिचा ग्रुप वेगळा होता, तिची आणि आमची फेरी आलटून पालटून होती. तिने बूट काढून काकांसमोर ठेवले. गुलाबी होते. बाजूला पांढरं फूल. "तुमचा पाय माझ्याएवढाच दिसतोय," ती म्हणाली. "तुम्ही जाऊन या, मग मी जाते."

काकांनी बूट हातात घेतले. आणि मग त्यांनी जे केलं ते मला अजून दिसतं. त्यांनी त्या बुटांत खोट शोधायला सुरुवात केली. घोटा दाबून पाहिला, घट्ट होता. तळ वाकवून पाहिला, लवचीक आणि शाबूत होता. आतून बोट घालून शिवण ओढली. पट्टा ओढला. टाच पिळली. पुन्हा घोटा दाबला. आमच्या ग्रुपची शिट्टी वाजली. काका अजून बूट फिरवून बघत होते. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मुलगी अनवाणी उभी होती आणि मला वाटत होतं की आता ते काहीतरी काढतीलच, काहीतरी सापडेलच.

"चांगले आहेत गं," ते म्हणाले, अगदी हळू. "काहीच नाही ह्यांच्यात."

आणि त्यांनी ते घातले.

पहिल्या फेरीत काका वाळकेश्वरच्या वेगाने गेले. सगळा ग्रुप त्यांना मागे टाकून गेला, पुन्हा फिरून आला आणि पुन्हा मागे टाकून गेला. सरळ पट्ट्यावरसुद्धा त्यांचा गिअर बदलायचा विचार होईपर्यंत वळण येत होतं. कडेला उभ्या असलेल्या झेंडेवाल्याने त्यांना चालवत राहा म्हणून हात दाखवला. मधल्या वेळात बूट मुलीकडे जाऊन परत आले. दुसऱ्या फेरीत तेच. मी मनात म्हटलं, झालं, आले, केलं, पुरे आहे.

शेवटच्या फेरीत मी लांबलचक डावीकडच्या वळणात होतो. माझ्या बाहेरून एक काळी-पांढरी पाठ पुढे सरकली. गाडी झुकलेली होती, फार नाही, पण होती, आणि तिच्यावरचा माणूस आता वाकलेला दिसत नव्हता. तो सूट ज्यासाठी शिवला होता तसाच तो बसला होता. गुलाबी टोक पेडलवर. काका मला मागे टाकून गेले, आणि मी मुद्दाम वेग कमी केला नव्हता.

परत आल्यावर त्यांनी गाडी स्टँडला लावली. आधी त्यांनी बूट काढले, रुमालाने तळापासून पुसले आणि मुलीला नेऊन दिले. तिचे आभार मानताना त्यांना दोन वाक्यंही धड जमेनात. मग मोज्यांवरच माझ्याकडे आले. "घरी फोन लाव," म्हणाले. हातमोजे अजून हातातच होते, मोबाइलला त्यांचं बोट कळत नव्हतं. मी नंबर लावला, स्पीकरवर टाकला आणि फोन त्यांच्यासमोर धरला.

"पडलात?" काकूंनी विचारलं. दुसरं काही नाही.

"नाही."

"मग आवाज असा का येतोय?"

काकांनी श्वास घेतला. "अगं, मी तुला शब्द दिला होता," ते म्हणाले. "एकदाच जाईन. तो मी मोडणार आहे. गाडी विकत नाही. मी परत येणार आहे इथे. तुला राग येईल. पण मी तुला खोटं सांगणार नाही."

 पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली. गॅलरीतून कोणीतरी हाक मारली, तिला काकूंनी उत्तर दिलं नाही. मला फोन खाली ठेवून लांब जावंसं वाटत होतं, पण तो धरायला दुसरं कोणी नव्हतं.

"बूट कसे होते?" शेवटी त्यांनी विचारलं.

चांगले होते, एवढं म्हणून काका मोकळे होऊ शकले असते. "कुजले होते," ते म्हणाले. "चालता चालता सोल गळून पडले. एका मुलीचे घालून चालवली."

पलीकडे कुकरची आणखी एक शिट्टी झाली.

"म्हणजे इतकी वर्षं," काकू म्हणाल्या, "ज्या बुटांच्या भरवशावर मी रात्री झोपत होते, ते आतून कुजत होते."

"हो."

"दर वर्षी मी ते पुसत होते."

"हो गं."

 मग काकूंचा आवाज परत वर्गात शिकवताना असायचा तसा झाला.

"नवे घ्या," त्या म्हणाल्या. "आणि कपाटात दिसता कामा नयेत मला. रोज घालायचे. भाजी आणायला जातानासुद्धा."

"बरं," काका म्हणाले.